अदृश्य पुरुषाची नीती : मुंबईच्या विज्ञानचित्रपटांतील एका तात्त्विक प्रश्नाचा इतिहास

विज्ञानकथेवर आधारलेल्या चित्रपटांचा तात्त्विक दृष्टीने विचार करावयाचा म्हटले की, आपल्याकडील अभ्यासकाचे लक्ष सहजच पाश्चात्त्य चित्रपटांकडे वळते. यंत्राला मन असू शकते काय, स्मृती बदलली तर माणूस तोच राहतो काय, परग्रहावरील बुद्धीशी आपला संवाद संभवतो काय, अशा प्रश्नांच्या चर्चेत 'मेट्रोपोलिस' (१९२७), '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८), 'सोलारिस' (१९७२), 'ब्लेड रनर' (१९८२) ही नावे ठरल्याप्रमाणे येतात. मराठी साहित्यात विज्ञानकथेला डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्यासारख्या लेखकांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु 'फुंतरू' (२०१६) सारखे तुरळक प्रयत्न वगळता मराठी चित्रपट त्या वाटेने फारसा गेला नाही. तथापि, मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी चित्रपटांत एक विज्ञानकल्पना १९३७ पासून पुढे पुन्हा पुन्हा आलेली आढळते. ती म्हणजे अदृश्य मनुष्याची. या कल्पनेच्या मुळाशी नीतिशास्त्रातील एक फार जुना प्रश्न आहे. मुंबईच्या चित्रपटाने तो प्रश्न पश्चिमेकडून जसाच्या तसा न घेता त्याचे रूप पालटले, आणि हे पालटलेले रूप समजून घ्यावयाचे तर वेल्सपेक्षा आपल्या गोदातीरावरील एका संतकथेचे साहाय्य अधिक होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या रूपांतरात काय मिळाले आणि काय गमावले, याचाही विचार शेवटी केला आहे.

१

मूळ प्रश्न प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन याने मांडला आहे. लिडियाच्या राजाच्या पदरी असलेल्या एका मेंढपाळास भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीत एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरविला की तो अदृश्य होतो. मग तो राणीस वश करतो, राजाचा वध करतो आणि सिंहासन बळकावतो. ही कथा गायजीसच्या अंगठीची कथा म्हणून प्रसिद्ध आहे. ग्लॉकनचा प्रश्न असा की, अशी एक अंगठी सज्जनाच्या व एक दुर्जनाच्या हाती दिली, तर दोघांच्या वर्तनात काही भेद उरेल काय? माणूस न्यायाने वागतो तो न्यायावरील प्रेमामुळे की पकडले जाण्याच्या भयामुळे? सॉक्रेटिसला या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी उरलेला जवळजवळ संपूर्ण ग्रंथ खर्ची घालावा लागला.

भारतीय परंपरेत हा विषय निराळ्या तीन वाटांनी आला आहे. योगसूत्रांच्या विभूतिपादात अंतर्धानाची सिद्धी सांगितली आहे. तेथे शरीर पारदर्शक होते असे म्हटलेले नाही. योग्याचे रूप आणि पाहणाऱ्याचे नेत्र यांतील संबंध तुटतो, अशी ती उपपत्ती आहे. त्याच पादात अशा सिद्धी समाधीच्या मार्गातील अडथळे होत, असा इशाराही दिलेला आहे. दुसरी वाट महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलेची. आपल्याला ओळखण्याचे नाकारणाऱ्या दुष्यंताला ती सांगते की, मी एकटा आहे असे तू समजू नकोस. तुझ्या हृदयातील साक्षी सर्व जाणतो, आणि सूर्यचंद्रादी देवताही माणसाचे कृत्य पाहत असतात. अर्थात, तिच्या मते खऱ्या अर्थाने अदृश्य असा कोणी असूच शकत नाही. ग्लॉकनच्या प्रश्नाला दिलेले हे मुळावरच घाव घालणारे उत्तर आहे.

तिसरी वाट नागार्जुनाच्या आख्यायिकेची. कुमारजीवाच्या नावावर असलेल्या नागार्जुनाच्या चिनी चरित्रात ती आली आहे. तरुण नागार्जुन आणि त्याचे तीन मित्र अदृश्य होण्याची विद्या मिळवून राजाच्या अंतःपुरात शिरू लागतात. राजा वाटेवर बारीक वाळू पसरवितो. पावले उमटतात, शिपाई हवेत तलवारी फिरवितात आणि तिघे मित्र मारले जातात. राजाच्या अगदी जवळ उभा राहिल्याने नागार्जुन वाचतो. वासना हेच दुःखाचे मूळ होय, हे त्याला त्या क्षणी उमगते आणि तो प्रव्रज्या घेतो. या नागार्जुनाचा संबंध परंपरेने सातवाहन राजाशी, म्हणजे पर्यायाने पैठणच्या राजकुलाशी, जोडला आहे. कथेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा येथे महत्त्वाचा नाही. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून सुटलेल्या माणसाला स्वतःच्या पावलांपासून सुटता येत नाही, हे तत्त्व तिच्यात आहे.

२

एच. जी. वेल्स यांनी १८९७ मध्ये 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी लिहून गायजीसची अंगठी प्रयोगशाळेत आणली. त्यांच्या नायकाने, ग्रिफिनने, शरीराचा वक्रीभवनांक हवेच्या वक्रीभवनांकाइतका करण्याची युक्ती शोधलेली असते. ग्लॉकनचे भाकीत येथे पुरेपूर खरे ठरते. ग्रिफिन चोरी करतो, हिंसा करतो आणि शेवटी दहशतीचे राज्य स्थापण्याच्या गोष्टी बोलू लागतो. पण वेल्स यांनी एक नवी गोष्टही जोडली. अदृश्य होणे ही पदोपदीची अडचण आहे, हे त्यांनी बारकाईने दाखविले. थंडीत कपडे घालावेत तर कपडे दिसतात, खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसते, बर्फात पावले उमटतात, कुत्र्यांना वास येतो. नागार्जुनाच्या कथेतील वाळूचे काम येथे बर्फ करतो.

या कल्पनेवर पदार्थविज्ञानाचा एक आक्षेप आहे आणि तो तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्याजोगा आहे. 'मनोरंजक पदार्थविज्ञान' या रशियन ग्रंथाचे कर्ते याकोव्ह पेरेलमन यांनी तो मांडला. डोळ्याला दिसावयाचे तर नेत्रपटलाने प्रकाश अडविला व शोषला पाहिजे. संपूर्ण पारदर्शक डोळ्यातून प्रकाश आरपार निघून जाईल; म्हणजे संपूर्ण अदृश्य असलेला मनुष्य आंधळाच असेल. वेल्स यांना या अडचणीची जाणीव असावी. कारण ग्रिफिनच्या नेत्रपटलामागे रंगद्रव्याचा अंधुक अवशेष त्यांनी शिल्लक ठेवला आहे. निष्कर्ष असा की, ज्याला जग पाहावयाचे आहे त्याने जगाला थोडे तरी दिसले पाहिजे. भौतिक नियमातून निघालेला हा निष्कर्ष नीतीच्या क्षेत्रातही किती लागू पडतो, हे पुढे दिसेल.

१९३३ मध्ये जेम्स व्हेल यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला. काळ्या पार्श्वभूमीसमोर काळ्या मखमलीने झाकलेल्या नटाचे चित्रण करून केवळ त्याचे कपडेच हिंडताना दाखविण्याची युक्ती जॉन फुल्टन यांनी त्यात वापरली. हा चित्रपट मुंबईच्या निर्मात्यांनी पाहिला आणि तेथून आपल्या इतिहासास आरंभ झाला.

३

परंतु मुंबईतील ही भूमी रिकामी नव्हती. अदृश्यास दृश्य करणे हा भारतीय चित्रपटाचा जन्मापासूनचा व्यवसाय होता. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण करून, जी वाढ मानवी डोळ्यास कधीच दिसत नाही ती त्यांनी काही क्षणांत पडद्यावर दाखविली. हा खराखुरा वैज्ञानिक प्रयोग होता. हेच फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावाने, म्हणजे आपलेच आडनाव उलट फिरवून, जादूचे प्रयोगही करीत. 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत या दोन्ही विद्या देवकथेच्या सेवेस लागल्या. पुढे प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात विमान आले ते याच परंपरेतून. ज्या प्रेक्षकाने पंचवीस वर्षे पडद्यावर देव प्रकट व अंतर्धान होताना पाहिले होते, त्याच्यापुढे अदृश्य मनुष्य आता येणार होता. त्याने त्याला पाहिले ते देवाच्या नात्याने, चोराच्या नात्याने नव्हे, यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही.

१९३७ मध्ये प्रकाश पिक्चर्सचा, विजय भट्ट यांनी दिग्दर्शित केलेला 'ख्वाब की दुनिया' हा चित्रपट आला. व्हेल यांच्या चित्रपटाची प्रेरणा त्यामागे होती. मखमलीच्या खर्चिक तंत्राऐवजी बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलविल्या आणि पुढे 'काला धागा' हेच त्यांचे टोपणनाव झाले. ज्या मिस्त्रींनी अदृश्य मनुष्याचा दोरा ओढला, त्यांनीच नंतर कित्येक पौराणिक चित्रपटांतील चमत्कार घडविले. अशा रीतीने विज्ञानकथा आणि देवकथा यांचे तंत्र एकाच हाती राहिले.

वीस वर्षांनी, १९५७ मध्ये, नानाभाई भट्ट यांचा 'मिस्टर एक्स' आला. त्यात अशोक कुमार आणि नलिनी जयवंत यांच्या भूमिका होत्या. प्रयोगशाळेतील रसायन पोटात गेल्यामुळे नायक अदृश्य होतो. १९६४ मध्ये 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' मध्ये किशोर कुमार यांनी हाच विषय विनोदाच्या व गाण्याच्या अंगाने नेला. १९७१ च्या 'ऐलान' मध्ये तर थेट अंगठीच आली. एका वैज्ञानिकाकडून मिळालेली ही अंगठी तोंडात धरली की नायक अदृश्य होतो. प्लेटोचा मेंढपाळ चोवीस शतकांनी मुंबईस पोचला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र वाटेत त्याचा स्वभाव पार बदललेला होता.

हा बदल एका सूत्रात सांगता येईल. ग्रिफिन अदृश्यतेच्या मागे लागतो. त्यासाठी तो स्वतःच्या पित्याजवळील परक्याचा पैसा लुटतो आणि ते दुःख पित्याच्या आत्महत्येस कारण होते. मुंबईच्या नायकाला मात्र अदृश्यता अपघाताने, देणगीने किंवा वारशाने मिळते. ती त्याने इच्छिलेली नसते. म्हणून तिचे पापही त्याच्याकडे जात नाही. शक्ती मिळण्यापूर्वी तो जसा सज्जन होता, तसाच नंतरही राहतो. ग्लॉकनच्या दोन अंगठ्यांपैकी सज्जनाची अंगठी तेवढी येथे उचलली गेली आणि परीक्षेचा निकाल आधीच लावून टाकला गेला.

४

या परंपरेतील सर्वांत विचारगर्भ चित्रपट म्हणजे १९८७ चा 'मिस्टर इंडिया'. त्याचे दिग्दर्शन शेखर कपूर यांचे व लेखन सलीम-जावेद यांचे आहे. १९५७ चे अदृश्य नायक अशोक कुमार यांनी यात एका वयोवृद्ध प्राध्यापकाची भूमिका केली आहे. त्यांच्याचमुळे अरुण वर्मा हा तरुण आपल्या दिवंगत वैज्ञानिक पित्याने तयार केलेल्या यंत्रापर्यंत पोचतो. हे यंत्र मनगटावर बांधले की मनुष्य दिसेनासा होतो. केवळ तांबड्या प्रकाशात तो दिसतो. अरुण हा अनाथ मुलांचा सांभाळ करणारा, भाडे व उधारी यांनी गांजलेला गृहस्थ आहे. घरात अन्न नाही, हे त्याचे मुख्य दुःख आहे.

चित्रपटाचा तात्त्विक गाभा एका साध्या विरोधात आहे. त्याच्याच घरात भाड्याने राहणारी सीमा ही पत्रकार स्त्री डोळ्यांसमोर वावरणाऱ्या अरुणकडे फारसे लक्ष देत नाही. परंतु न दिसणाऱ्या मिस्टर इंडियावर ती अनुरक्त होते. म्हणजे अरुण दिसत होता तेव्हा तो कोणाच्या दृष्टीस पडत नव्हता, आणि अदृश्य झाल्यावर त्याच्याकडे जगाचे लक्ष गेले. राल्फ एलिसन यांनी १९५२ मध्ये 'इन्व्हिजिबल मॅन' याच नावाच्या, पण सर्वस्वी निराळ्या, कादंबरीत असे दाखविले होते की, त्यांचा कृष्णवर्णीय नायक कोणत्याही रसायनाने अदृश्य झालेला नाही. लोक त्याला पाहण्याचे नाकारतात म्हणून तो अदृश्य आहे. 'मिस्टर इंडिया'त वेल्स आणि एलिसन या दोघांचे अर्थ एकाच माणसात एकत्र आले आहेत, मग लेखकांच्या मनात तसे असो वा नसो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट चित्रपटाच्या अखेरीस घडते. मोगँबो हा खलनायक लहान मुलांना मारण्याची धमकी देतो, तेव्हा अरुण कबूल करतो की, मीच मिस्टर इंडिया आहे. पण यंत्र हरवलेले असल्यामुळे त्याला ते सिद्ध करता येत नाही, आणि मोगँबो त्याच्यावर विश्वास ठेवीत नाही. पुढे तो मोगँबोशी झुंजतो तो दृश्य देहाने, यंत्रावाचून. शक्ती अंगठीत नव्हती, असे येथे चित्रपट स्वतःच कबूल करतो. ग्लॉकनला दिलेले हे अप्रत्यक्ष उत्तर आहे.

५

अदृश्य मनुष्य उपाशी मुलांच्या घरी धान्य कसे भरील, हा प्रश्न गायजीसच्या कथेला किंवा ग्रिफिनच्या चरित्राला सुचलेला नाही. तो आपल्याकडे सुचला, याचे कारण शोधण्यासाठी परभणी जिल्ह्याकडे वळणे उपयुक्त आहे. पूर्णा तालुक्यातील ताडकळस आणि गोदावरीच्या काठावरील गंगाखेड ही एकाच जिल्ह्यातील गावे. गंगाखेड हे परंपरेने संत जनाबाईंचे जन्मस्थान. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनीबरोबर विठ्ठल दळू लागतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, ही कथा या भागातील स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या गाइली. 'संत जनाबाई' (१९४९) या प्रभातच्या चित्रपटाने ती पडद्यावरही आणली. येथे अदृश्य असा जो कोणी आहे तो काही चोरावयास आलेला नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात लावावयास आलेला आहे. अंतःपुरात शिरणारा गायजीस आणि दासीच्या झोपडीत शिरणारा विठ्ठल हे अदृश्यतेचे दोन ध्रुव होत. मुंबईचा अदृश्य नायक उत्तरोत्तर दुसऱ्या ध्रुवाकडे सरकत गेला. 'मिस्टर इंडिया'त हनुमंताच्या मूर्तीचा जो प्रसंग आहे, त्यात अदृश्य अरुणचे कृत्य पाहणाऱ्यांना देवाची करणी वाटते. तेथे हे नाते जवळजवळ उघड होते.

ताडकळससारख्या गावाच्या दृष्टीने या कल्पनेला आणखीही एक पदर आहे. 'ख्वाब की दुनिया' निघाला तेव्हा हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 'मिस्टर एक्स' आला तेव्हा, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर, ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आलेले होते. 'मिस्टर इंडिया'च्या वेळी महाराष्ट्र राज्याची सत्तावीस वर्षे लोटली होती. पन्नास वर्षांत तीन राज्यव्यवस्था झाल्या आणि तिन्हींच्या राजधान्या दूर होत्या. दूरच्या राजधानीला आपले गाव दिसते काय, हा प्रश्न अशा ठिकाणी तत्त्वचर्चेचा राहत नाही. तो रस्त्याचा, पाण्याचा आणि धान्याचा होतो. जो दिसत नाही तोच येऊन साहाय्य करील, ही कल्पना अशा प्रेक्षकाला सुखाची वाटणे स्वाभाविक आहे.

पण जनीच्या कथेतच या सुखाची मर्यादाही सांगितलेली आहे. आख्यायिका अशी की, जनीकडे आलेला देव जाताना आपले पदक तेथेच विसरतो. पदक जनीजवळ सापडते, चोरीचा आळ तिच्यावर येतो आणि तिला सुळाकडे नेले जाते. सुळाचे पाणी होते व ती वाचते, हे खरे. परंतु अदृश्याने केलेल्या गोष्टीचा जाब दृश्य असलेल्या दुबळ्या माणसाला द्यावा लागतो, हे लोककथेने विसरू दिलेले नाही. 'मिस्टर इंडिया'तही असेच घडते. बॉम्बस्फोटात प्राण जातो तो त्या घरातील चिमुकल्या टीनाचा, आणि कोंडली जातात तीही मुलेच. शिवाय जनीच्या बाबतीत एक प्रश्न शिल्लक राहतोच. देव दळावयास आला, हे सर्वांनी गाइले. पण त्या घरात रोज दळणारी दासी त्यापूर्वी किती जणांनी पाहिली होती?

६

आता हिशेब मांडता येईल. मुंबईच्या विज्ञानचित्रपटाने ग्लॉकनच्या प्रश्नाचे केंद्र बदलले. कोणी पाहत नसता माणूस कसा वागेल, या प्रश्नाच्या जागी, ज्याला कोणी पाहत नाही त्याच्यासाठी कोण येईल, हा प्रश्न आला. ही भर मोलाची आहे. पाश्चात्त्य विज्ञानकथेतील अदृश्य मनुष्य बहुधा एकटा असतो, तर आपला अदृश्य मनुष्य एका कुटुंबाचा आहे, आणि तो भुकेविषयी बोलतो.

पण या बदलात मूळ प्रश्न मागे पडला, हेही मान्य केले पाहिजे. अंगठी नेहमी सज्जनाच्याच हाती द्यावयाची ठरविल्यावर अंगठीची परीक्षा संपते. 'गायब' (२००४) या चित्रपटात उपेक्षित तरुणाला अदृश्यता मिळते आणि तो तिचा दुरुपयोग करू लागतो. जुना प्रश्न तेथे पुन्हा डोके वर काढतो, ही त्या चित्रपटाची जमेची बाजू होय. तथापि, तेथेही प्रश्न एका दुर्बल माणसापुरताच विचारला जातो. वस्तुतः अदृश्यता ही दुर्बलांची नसून सत्तेची शक्ती आहे. जेरेमी बेंथॅम यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आदर्श तुरुंगाच्या योजनेत मधल्या मनोऱ्यातील पहारेकरी सर्व कैद्यांना पाहतो, पण कैद्यांना तो दिसत नाही. मिशेल फूको यांनी १९७५ मध्ये या योजनेत आधुनिक सत्तेचे तंत्र ओळखले. 'मिस्टर इंडिया'तील मोगँबो तसाच आहे. जगापासून लपलेल्या ठिकाणी बसून तो सर्वांवर हुकूमत चालवितो. त्या चित्रपटात खरे म्हणजे दोन अदृश्य पुरुष आहेत. प्रेक्षकाचे लक्ष मात्र एकाच्याच कौतुकात गुंतून राहते.

आज पाहणारी यंत्रे रस्त्यारस्त्यांवर बसली आहेत. सामान्य माणसाची नोंद अनेक ठिकाणी होते. ती नोंद कोण वाचतो हे त्याला सहसा दिसत नाही. अशा काळात ग्लॉकनचा प्रश्न मेंढपाळाला न विचारता मनोऱ्यातील पहारेकऱ्याला विचारला पाहिजे. पेरेलमन यांचा नेत्रपटलाविषयीचा आक्षेपही येथेच अर्थपूर्ण ठरतो. जो स्वतः दिसावयास तयार नाही, त्याचे पाहणे केवळ टेहळणी होते. त्या दृष्टीला माणूस दिसत नाही. विठ्ठलाला जनी दिसली, ती तो तिच्याजवळ बसून दळू लागला तेव्हा. भारतीय विज्ञानचित्रपटाचा पुढील अदृश्य पुरुष मनोऱ्यातून खाली उतरून जात्यापाशी येतो की नाही, आणि आला तर जाताना पदक मागे ठेवून जातो की नाही, या दोन कसोट्यांवर त्याची नीती तपासावी लागेल.